फ्लॅट दोघांच्या नावावर, मग आता माझ्या एकटीचा ना?

पाथर्डी फाट्याकडून एक ताई आल्या होत्या. नवरा अचानक गेलेला, मृत्युपत्र नाही. मुलगा कॉलेजात, मुलगी १५ वर्षांची. इंदिरानगरचा फ्लॅट विकून सिन्नरला माहेराजवळ राहायचं त्यांच्या मनात होतं. तेवढ्यात दिरानं फोनवर ऐकवलं, "वहिनी, त्यात आईचाही हिस्सा आहे."

पिशवीतून पासबुक काढून त्यांनी पहिल्या पानावर बोट ठेवलं : 'आयदर ऑर सर्व्हायव्हर', म्हणजे दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो. "बँकेनं काही खळखळ न करता पैसे दिले, मॅडम. फ्लॅटही दोघांच्या नावावर आहे. मागे राहील त्याचा, असंच ना?"

तसं नाही. खात्यावरची ती सोय बँकेनं पैसे कोणाच्या हाती द्यायचे एवढ्यापुरती असते. ते पैसे शेवटी कोणाचे, हे वारसा कायदाच ठरवतो. खात्याला लावलेल्या नॉमिनीचंही तेच. आजोबांच्या वेळी एकत्र कुटुंबात मेलेल्याचा वाटा मागे राहिलेल्या भाऊबंदांकडे आपोआप जायचा, तेच लोकांच्या डोक्यात बसलंय. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं ते संपलं.

ताईंच्या खरेदीखतात कोणाचा किती हिस्सा हे लिहिलेलं नव्हतं. म्हणजे अर्धा त्यांचा धरायचा. नवऱ्याचा अर्धा हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे बायको, मुलगा, मुलगी आणि आई यांच्यात सारखा. (वडील हयात असते तरी त्यांना यात काही नाही. हे ऐकून भलेभले चमकतात.) आठ आण्यांचं घर धरलं तर पाच आणे ताईंचे (स्वतःचे चार, वारशाचा एक), बाकी तिघांचा एकेक आणा. दीर बरोबर बोलला होता, वेळ तेवढी चुकली. सासूबाईंनी काही लिहून न ठेवता डोळे मिटले असते, तर त्यांचा आणा दीर, नणंद आणि ताईंच्या मुलांत वाटला गेला असता.

सासूबाईंना घेऊन या म्हटलं. आल्या, आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मला काय करायचाय वाटा? पण विचारलं कोणी?" हक्कसोडपत्रावर लगेच सही करायला निघाल्या होत्या. मीच थांबवलं. घर विकल्यावर त्या कोणाकडे राहणार, हे आधी ठरायला हवं होतं. ते दिरासमोर ठरलं, मगच दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली.

मुलीच्या वाट्याला मात्र आईलाही परस्पर हात लावता येत नाही, ती १८ वर्षांची होईपर्यंत विक्रीला कोर्टाची परवानगी लागते. ताईंनी तूर्त विक्रीचा विचार सोडून फ्लॅट भाड्यानं दिलाय.