घराच्या तोंडावरचे पाइप, टाक्या नि डबे : वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या आधी रंगकाम काढायचं सगळ्यांच्याच डोक्यात असतं, त्यामुळे या महिन्यात निम्मी पत्रं एकाच तक्रारीची आली, घर मनासारखं झालं पण समोरून बघितलं की आधी पाइपच दिसतात. त्यातली तीन घेतलीत.

प्रश्न : ताई, नाशिकला आमचं रो हाऊस आहे. पुढच्याच भिंतीवर एसीची दोन आउटडोअर युनिट, त्यांचे टेप गुंडाळलेले पाइप आणि शेजारून बाथरूमचे राखाडी ड्रेनेज पाइप, सगळं एका रांगेत. फॅब्रिकेटर म्हणतोय एसीपी शीटचा (दुकानांच्या पाट्यांना लावतात त्या ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या पॅनेलचा) बंद बॉक्स करतो, एकदम क्लीन लुक येईल. करून घेऊ का?

उत्तर : बंद बॉक्स अजिबात नको. आउटडोअर युनिट मागून नि बाजूने हवा ओढतं आणि घरातली उष्णता पुढून बाहेर फेकतं, आता तुम्ही ते डब्यात घातलंत की फेकलेली गरम हवाच ते पुन्हा ओढणार, मग कंप्रेसर तापतो, बिल वाढतं, आणि एप्रिल-मे मध्ये ऐन दुपारी एसी ट्रिप होतो. तेव्हा तुम्ही एसीवाल्याला शिव्या घालणार, फॅब्रिकेटर आठवणारही नाही.

त्याच्याकडून जाळी करून घ्या. आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मधे भरपूर फट, समोर उभं राहून बघितलं तर निम्म्याहून जास्त मोकळी दिसली पाहिजे. पट्ट्या खाली झुकवू नका, गरम हवा त्यांच्यावर आपटून परत खाली मागे जाते. युनिटच्या मागे साधारण अर्धा फूट आणि पुढे दोन फूट मोकळं असेल तर बरं, नेमकी अंतरं कंपनीच्या इन्स्टॉलेशन शीटवर असतात, ती आधी बघा. पुढे तेवढी जागा नसेल तर समोरून जाळी लावूच नका, फक्त बाजूने नि खालून आडोसा करा, रस्त्यावरून येणारा माणूस तसाही तिरकाच बघत येतो. जाळीला बिजागरी हवीच. सर्व्हिसिंगला येणारा मुलगा आधीच एका सज्जावर पाय टेकवून काम करत असतो, त्याला वर दहा स्क्रू काढत लोंबकळायला लावणं मला पटत नाही.

युनिट गच्चीवर हलवता आलं तर सगळ्यात छान, पण पाइप लांबला की गॅस वाढवावा लागतो आणि कूलिंगही थोडं पडतं, म्हणून एसीवाल्याला विचारूनच.

राहिले ड्रेनेज पाइप, त्यांना खोटे खांब वगैरे काही करू नका, सरळ भिंतीचाच रंग द्या. पॉलिश पेपरने हलके घासायचे म्हणजे चकाकी जाते, मग पीव्हीसीला धरणारा प्रायमर आणि वर भिंतीचाच एक्स्टीरियर इमल्शन, मॅट. ग्लॉसी मारलात तर उन्हात पाइप चमकून उलट जास्त दिसेल. भिंत दोन रंगांत असेल तर पाइपचा रंगही तिथेच बदलायचा, हे रंगारी विसरतात, उभं राहून करून घ्या. फायदा असा की उन्हाने पीव्हीसी ठिसूळ होतो तोही रंगामुळे जरा कमी. एसीच्या पाइपवरची टेप मात्र रंगवू नका, त्यावर पीव्हीसीची केसिंग मिळते ती बसवा.

प्रश्न : श्रीवर्धनला चिऱ्याचं घर आहे, ओटीच्या बाजूलाच सेप्टिक टँकचा उंच पाइप उभा आहे, पाहुणे आले की आधी तोच दिसतो. तो चार फुटांवर कापून वर कुंडी ठेवावी किंवा मधुमालती चढवावी असं आमच्या ह्यांचं म्हणणं. गच्चीवरच्या काळ्या टाकीभोवती पण पत्रे लावायचे आहेत. अंगणातल्या चेंबरवर फरशी टाकली तर चालेल ना?

उत्तर : ह्यांना सांगा, कापायचा नाही. टँकमधे मिथेन आणि सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होत असतो, तो बाहेर सोडायलाच हा पाइप आहे. कापलात तर सगळा वास ओटीवर, आणि वर कुंडी ठेवलीत तर वायू संडासातून घरात यायला बघणार. प्लंबरकडून तो मागच्या कोपऱ्यात वळवून घ्या, तोंड छपराच्या वर न्या, आणि त्यावर बारीक जाळी बांधा, सेप्टिक टँक म्हणजे डासांचं माहेरघर.

लंडनमधे लीन्स्टर गार्डन्स नावाच्या रस्त्यावर २३ आणि २४ नंबरची घरं नुसत्या दर्शनी भिंती आहेत, खिडक्या रंगवलेल्या, मागे घरच नाही! १८६० च्या दशकात तिथून भुयारी रेल्वे गेली, वाफेच्या इंजिनांना धूर नि वाफ सोडायला मोकळी जागा लागायची, म्हणून पुढून देखणी भिंत आणि मागून उघडं आकाश. तुमच्या पाइपलाही एवढीच सवलत हवी.

वेल थेट पाइपवर नको, उंदीर नि साप दोघांना शिडी मिळते आणि गळती कुठे आहे ते कळत नाही. पाइपपासून अर्धा फूट पुढे वेगळी तार ताणा आणि त्यावर गोकर्ण किंवा कृष्णकमळ सोडा. मधुमालतीचं खोड पुढे जाड होतं, तिला दणकट मांडव लागतो. चिऱ्याच्या सांध्यात पिंपळ-उंबराचं रोप दिसलं तर त्याच दिवशी उपटा.

टाकीभोवती सपाट पत्रे लावू नका. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुमच्याकडे काय करून गेलं ते मी काय सांगणार, सपाट पत्रा वारा धरतो, फटी असलेल्या पट्ट्यांमधून तो निघून जातो. विटांची भिंतही नको, हजार लिटर पाणी म्हणजे स्लॅबवर आधीच एक टन, त्यात विटांची भर कशाला. आणि टाकीला पांढरा रंग मारायचा विचार असेल तर तोही सोडा, प्लास्टिकवरून पोपडे निघतात. काळी आहे म्हणून आत उजेड जात नाही आणि शेवाळ धरत नाही. पट्ट्यांना आभाळाला मिळतं फिकट राखाडी द्या, हिरवा दिला की गच्चीवर डोळ्यात भरतो.

फरशीचं विचारलंत, कायमची नको. खोलगट झाकण मिळतं, त्यात अंगणातलीच फरशी बसते आणि हुकने उचलता येतं. नाहीतर ऐन पावसात चेंबर तुंबलं की गवंडी शोधत फिराल.

प्रश्न : पुण्यात आमच्या दारालगत गॅसचा आणि विजेचा मीटर आहे. दोन्हीला मिळून लाकडी कपाट केलं तर?

उत्तर : एकत्र मुळीच नाही, आणि विजेच्या मीटरभोवती लाकूड तर नकोच. गॅसला वेगळं, लोखंडी, भोकं असलेलं दार करा. पाइपलाइनचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर साचतो, म्हणून भोकं वरच्या बाजूला हवीत. सिलिंडरचा गॅस जड असतो, तिथे खालून भोकं लागतात, शेजाऱ्यांचं बघून केलंत तर गडबड होईल. व्हॉल्व्हपर्यंत हात पटकन पोचला पाहिजे, म्हणून कुलूप नको. आणि विजेच्या मीटरला दार केलंतच तर तेही पत्र्याचं, आकडे दिसतात तिथे चौकोनी खिडकी ठेवा, नाहीतर रीडिंगवाला आकडे न घेताच जाईल आणि तुम्हाला सरासरीचं बिल येईल.