पिकअपच्या मागच्या चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) घ्यावेत की कॉइल (गुंडाळी स्प्रिंग)?

आधी एवढंच ठरव: महिन्यातले किती दिवस हौद्यात खरोखर वजन असणार? रोजचंच भरलेलं असेल तर डोळे झाकून पाटे घे. पाटे नुसतं वजन पेलत नाहीत, ते ॲक्सललाही (चाकं जोडणाऱ्या आसालाही) जागेवर धरून ठेवतात. कॉइल फक्त वजन पेलते. ॲक्सल धरायला वेगळे आर्म आणि आडवा रॉड लागतो, म्हणजे झिजणारे बुश (सांध्यातले रबर) वाढले.

पण रिकाम्या गाडीत पाटे उडवतात, हेही खरं. गाडी बहुतेक रिकामीच फिरणार असेल तर कॉइल सुखाची. आणि कॉइल म्हणजे कमकुवत, हे मनातून काढ. रॅम २५०० या अमेरिकन पिकअपला २०१४ पासून मागे कॉइलच आहे, आणि ती गाडी भरपूर ओढते.

जुनी गाडी बघताना खाली वाकून पाट्यांवर हात फिरव. दोन पाट्यांमधून लालसर गंज झिरपत असेल किंवा यू-बोल्टजवळ (पाटे ॲक्सलला आवळणाऱ्या बोल्टजवळ) केसासारखी चीर दिसली, तर थांब. चीर बऱ्याचदा तिथेच सुरू होते.

एक कळकळीने सांगतो: जादा पाटा टाकला किंवा स्प्रिंगच्या मदतीला हवेची पिशवी (एअरबॅग) बसवली की मागची बाजू उचलते, पण गाडीची वजनमर्यादा वाढत नाही. ब्रेक, टायर, ॲक्सल तेच राहतात.