‘सगळं जळालं’ म्हणजे नेमकं काय काय जळालं?

ताई, तुमच्या यजमानांच्या खापरपणजोबांबद्दल वाचलं आणि जुनी जखम ठसठसली. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) धंदा ‘वकील’, १८७० मध्ये माणूस गायब, आणि काउंटीच्या कचेरीकडून एका ओळीची ईमेल: त्या काळातलं सगळं आगीत गेलं. आमच्या घरच्या वकीलसाहेबांची (माझ्या नवऱ्याकडचे, तेही खापरपणजोबाच) अगदी हीच गत होती. आम्हाला ती ओळ खिडकीपलीकडून तोंडी मिळाली, वर ‘हनी’ लावून.

जनगणना, फाइंड अ ग्रेव्ह आणि फॅमिलीसर्च या पूर्वज शोधायच्या साइट्स, हे सगळं तुम्ही पालथं घातलंच असणार, त्यात जात नाही. मी ना वकील, ना इतिहासाची पदवी आहे माझ्याकडे. जे कळलं ते जॉर्जियापुरतं, थोडंफार अलाबामाचं. कुणी लुइझियानातला पूर्वज शोधत असेल तर हे तसंच्या तसं लावू नका, तिथला कायदाच फ्रेंच-स्पॅनिश वळणाचा.

आता त्या कचेरीबद्दल. नाव घेत नाही, पण चीड अजून गेलेली नाही. आम्ही गेलो होतो प्रोबेट कोर्टाच्या खिडकीवर, कारण मृत्युपत्र, वारसा, लग्नाची नोंद हे सगळं तिकडे असतं. तिथल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, यादवी युद्धाच्या आधीचं काहीच नाही, कोर्टहाउस जळालं. आम्ही ‘थँक यू’ म्हणून बाहेर पडलो. त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, समोरच्या दारामागे सुपीरियर कोर्टाच्या क्लार्कचं ऑफिस होतं. जमिनीचे दस्त, दिवाणी दावे, कोर्टाच्या रोजच्या कामकाजाची पुस्तकं (‘मिनिट्स’) त्यांच्या ताब्यात. प्रोबेटच्या बाई बोलल्या त्या फक्त स्वतःच्या खोलीपुरतं, आणि आम्ही ते अख्ख्या काउंटीबद्दल आहे असं समजलो. ‘समोर विचारून बघा’ एवढे शब्द खर्च झाले असते तर काय बिघडलं असतं?

त्याची किंमत मोठी पडली. काउंटीत काही नाही म्हटल्यावर सासरच्या मंडळींनी इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी वंशवृक्षातला, शेजारच्या काउंटीतला त्याच नावाचा एक कॅप्टन उचलला. त्याची पुस्तिका छापून फॅमिली रियुनियनला वाटली. तो कॅप्टन आमचा नव्हेच, हे नंतर कागदोपत्री सिद्ध झालं. पण छापलेलं घराघरात गेलंय, दुरुस्ती कोण वाचतो! माझ्या सासऱ्यांना मात्र खरं कळायचं राहून गेलं.

म्हणून पहिलं काम: आग लागली त्या आठवड्याचं वर्तमानपत्र काढा. डिजिटल लायब्ररी ऑफ जॉर्जियाचा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिक्लिंग अमेरिका, दोन्ही फुकट. आमच्या काउंटीच्या आगीची बातमी अर्धा रकाना होती. ऑर्डिनरीच्या खोलीचा कोळसा झाला, पण सुपीरियर कोर्टाची बांधीव पुस्तकं गावकऱ्यांनी खिडकीतून बाहेर मैदानात फेकून वाचवली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. (ऑर्डिनरी म्हणजे आजचा प्रोबेट जज्ज. जुन्या पुस्तकांवर आणि सूच्यांमध्ये तेच नाव असतं, ‘प्रोबेट’ शोधाल तर हाती काही लागणार नाही.) फोनवर विचारताना ‘१८६० च्या आसपासचं काही आहे का’ असं मोघम विचारू नका. ‘सुपीरियर कोर्ट मिनिट्स, १८५० ते १८७०, मूळ पुस्तक आहे की फिल्म?’ असं विचारा. पुस्तकाचं नाव घेतलं की माणूस निदान उठून कपाटाकडे जातो. नाहीच म्हणाले तर मॉरो गावी जॉर्जिया अर्काइव्ह्ज आहे, तिथे बऱ्याच काउंट्यांच्या पुस्तकांच्या मायक्रोफिल्म मिळतात.

मिनिट्स का, तर त्या काळी बहुतेक जण लॉ कॉलेजात जातच नसत. एखाद्या जुन्या वकिलाच्या ऑफिसात पुस्तकं वाचायची, मग भर कोर्टात तोंडी परीक्षा द्यायची. आमच्या वकीलसाहेबांची सनद अशीच सापडली, एका गुरांच्या चोरीच्या खटल्याच्या आणि एका घटस्फोटाच्या मधोमध. सात-आठ ओळींचा हुकूम: खुल्या कोर्टात परीक्षा झाली, वर्तन चांगलं आहे, फी भरल्यावर परवाना द्यावा. परीक्षा घेणाऱ्यांची नावंही होती आणि त्यातलं एक त्यांच्या भावी सासऱ्यांचं निघालं. लग्नाची नोंद जळालेली, पण सोयरीक कुठून जुळली असेल ते त्या पानावर दिसलं.

आता माझं ठाम मत, पटलं तर घ्या. वकील माणूस स्वतःच्या कागदात शोधायचा नाही, दुसऱ्यांच्या कागदात शोधायचा. इथे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांसारखं कुळाची वही काढून पुढ्यात ठेवणारं कुणी नाही. पण वकील दुसऱ्याच्या मृत्युपत्राचा साक्षीदार असतो, दुसऱ्याच्या इस्टेटीचा कारभारी असतो, दुसऱ्याच्या दाव्यात उभा असतो. शिवाय जज्जाच्या मागोमाग घोड्यावरून काउंटी-काउंटी फिरायचा. कुठे कुठे, ते वर्तमानपत्रातल्या त्याच्या छोट्या जाहिरातीत असतं: अमुक वकील, तमुक तमुक काउंट्यांत काम घेईल. त्या सगळ्या काउंट्या तुमच्या यादीत घाला. एखादी न जळालेली निघेल.

जॉर्जियाचं सुप्रीम कोर्ट १८४६ पासून बसायला लागलं. त्याच्या छापील निकालांत दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावं असतात. हार्वर्डच्या केसलॉ अॅक्सेस प्रोजेक्टने स्कॅन केलेले ते निकाल कोर्टलिसनर या साइटवर मोफत शोधता येतात. फक्त आडनाव टाका. बहुतेक वेळा तेवढंच किंवा आद्याक्षरं असतात. तुमचे खापरपणजोबा युद्धानंतर टेक्सास-अर्कान्सॉला गेले असतील (खूप जण गेले, काही तर थेट ब्राझीलला), तर तिथल्या निकालांत तेच आडनाव उगवतं का बघा. १८७० च्या जनगणनेत नाव नाही म्हणून माणूस वारला, असं धरू नका. दक्षिणेत त्या वर्षी मोजणीत भरपूर लोक सुटले. आणि १८६५ ते ६७ या काळात संघराज्याच्या कोर्टात नाव दिसत नसेल तर त्याचंही कारण आहे. दक्षिणेच्या बंडाला साथ दिली नाही, अशी शपथ घेतल्याशिवाय तिथे वकिली करता येत नव्हती. अर्कान्सॉचे वकील गारलंड भांडले आणि जानेवारी १८६७ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अट काढली.

दुसरी खाण म्हणजे माफीचे अर्ज. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी २९ मे १८६५ ला बंडात सामील झालेल्यांना सर्वसाधारण माफी जाहीर केली, पण चौदा प्रकारचे लोक वगळले. त्यांत २० हजार डॉलरच्या वर करपात्र मालमत्ता असलेले होते. अशांनी स्वतंत्र अर्ज करायचा. ते अर्ज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, ऑनलाइनही सापडतात. तुमच्या खापरपणजोबांची १८६० मधली मालमत्ता जनगणनेच्या रकान्यात बघा, स्थावर आणि जंगम दोन्ही. आकडा मोठा असेल तर अर्ज असण्याची शक्यता चांगली. आमच्यांचा अर्ज त्यांच्याच अक्षरात आहे, वय, गाव, युद्धात काय केलं, सगळं. मात्र त्यातलं सगळं खरं मानू नका. ‘मी आधीपासून संघराज्यातून फुटून निघण्याच्या विरोधात होतो, राज्याने निर्णय घेतल्यावर नाइलाज झाला’ हे अशा अर्जांत इतक्या वेळा येतं की हसू येतं. वकिलाने स्वतःचंच वकीलपत्र घेतलंय, हे विसरायचं नाही.

जंगम मालमत्तेवरून एक अवघड विषय. १८६० मध्ये दक्षिणेतल्या वकिलाची जंगम मालमत्ता हजारोंत असेल तर त्यात बहुतेक वेळा गुलाम केलेली माणसं आली. जनगणनेच्या गुलामांच्या वेगळ्या यादीत नाव असतं ते मालकाचं; त्या माणसांचं फक्त वय, लिंग आणि वर्ण, नाव जवळजवळ कधीच नाही. नावं येतात ती इस्टेटीच्या कागदांत. आमचे वकीलसाहेब ज्या इस्टेटीचे कारभारी होते त्यातला काही हिशेब एका दाव्यात पुरावा म्हणून जोडला होता, म्हणून वाचला. एका पानावर घोडी, तिच्याखाली एक बाई आणि तिची दोन मुलं, नावानिशी, समोर वर्षाचं भाडं, आणि त्याखाली कायद्याची पुस्तकं. नवऱ्याच्या एका आत्याने सुचवलं, हे पान गाळून बाकीचं टाकू. मी साफ नाही म्हटलं. कृष्णवर्णीय कुटुंबांचा शोध बहुधा १८७० वर येऊन अडतो, कारण त्याआधीच्या जनगणनेत त्यांच्या पूर्वजांची नावंच नाहीत. असं एखादं पान त्यांच्यासाठी एकमेव धागा असू शकतं. तुम्हाला सापडलं तर नावांसकट, काउंटी आणि पान नंबरासकट सगळ्यांना दिसेल असं टाका. यावर माझ्याशी वाद घालू नका.

बारीकसारीक: ‘ज्युनियर-सिनियर’ म्हणजे मुलगा-बाप असेलच असं नाही, काका-पुतणेही असतात. ‘कर्नल’ म्हणजे लष्करातला असंही नाही, जॉर्जियात वकिलाला सरसकट कर्नल म्हणायचे. आमच्या घरी त्या कॅप्टनवर सगळ्यांचा विश्वास बसला तो यामुळेच. फॅमिलीसर्चवर आता हस्तलिखितातला मजकूर शोधायची सोय आली आहे. त्यात खापरपणजोबांचं नाव टाकून कंटाळलात तर त्यांच्या बायकोच्या माहेरचं आडनाव टाका. फोटो काढताना आधी पुस्तकाच्या पाठीचा काढा, नाहीतर घरी आल्यावर कुठलं पान कुठलं ते कळत नाही.

तुमच्या काउंटीचं नाव, आग कुठल्या साली लागली आणि वकीलसाहेबांची आद्याक्षरं एवढं इथे लिहा. हयात माणसांची नावं नकोत. काउंटी १८६० नंतर फुटली असेल तर तेही सांगा. न्यूबेरी लायब्ररीच्या जुन्या सीमांच्या नकाशात तारखेसकट दिसतं. आगीची बातमी मी शोधून देते.