मारुती 800 चा पेट्रोल पंप घरी बदलताना

भाऊ, 1997 ची कार्बोरेटरवाली 800, दुपारी परभणी-मानवत रस्त्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप चालू होते, आणि मिस्त्री म्हणतो पंप गेला. पंप घरी बदलता येतो, दोन नटांचं काम आहे. पण ही लक्षणं एकट्या पंपाची नाहीत, म्हणून पैसे घालायच्या आधी थोडं तपासा.

पुढच्या वेळी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा ओढल्याचा मोठा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर टाकीत हवा जायचा रस्ता तुंबलाय, पंप बरा आहे. तसं झालं नाही तर कोणतीही नळी सोडायच्या आधी प्लगला ठिणगी येते का बघा. तापलेली इग्निशन कॉइलसुद्धा हाच खेळ करते, गार झाली की पुन्हा शहाणी. ठिणगी चांगली असेल तर पंपावर ओलं फडकं टाकून पाच-दहा मिनिटं थांबा. तेवढ्याने चालू झाली तर 43 अंशांच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होतेय. पंप वाफ ओढू शकत नाही. अशा वेळी परतीची नळी (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी) चेपलीय का, रेडिएटरचा पंखा फिरतो का, हे बघायचं. नवीन पंप टाकूनही ती गाडी तिथंच थांबणार.

पंप खरंच गेला असेल तर ऑइलची पट्टी सांगते. पट्टीला पेट्रोलचा वास आणि ऑइलची पातळी वाढलेली, म्हणजे पंपाच्या आतला रबरी पडदा फाटला. पंपाच्या बारीक भोकातून पेट्रोल पाझरत असेल तरी तेच. मग पंपासोबत ऑइल आणि ऑइल फिल्टरही बदला, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. जुने पडदे आणि नळ्या आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत, रबर फुगतं, चिरतं. ऊस आपल्याच शिवारातला, त्रासही आपल्याच गाडीला!

वास, गळती काहीच नसेल तर पंप पेट्रोल देतो का ते मोजा. कॉइलची बारीक वायर काढून तिच्या टोकाला टेप लावा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारी नळी बाटलीत सोडा आणि कुणाला तरी दहा सेकंद सेल्फ मारायला लावा. ठोक्यागणिक जोरात पिचकारी आली पाहिजे. थेंब-थेंब आलं तर आधी फिल्टर बदलून पुन्हा बघा, तरीही तसंच असेल तर पंप बदला.

काम सकाळी, इंजिन गार असताना, उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते, त्यामुळे पत्र्याच्या शेडमध्ये नको. बॅटरीची निगेटिव्ह काढा, वाळूची बादली जवळ ठेवा, बल्बऐवजी टॉर्च घ्या.

पंपाला बहुधा तीन नळ्या असतात: टाकीकडून येणारी, कार्बोरेटरला जाणारी, परतीची. काढण्याआधी वेगळ्या रंगाचा टेप गुंडाळा आणि फोटो काढा. टाकीकडची नळी निघाली की तिच्यात बोल्ट खुपसा, नाहीतर पेट्रोल वाहत राहील. नट आळीपाळीने अर्धा-अर्धा आटा सोडा. पंप दाबून धरल्यासारखा वाटला तर कॅमचा (इंजिनमधला पंप हलवणारा फिरता भाग) उंचवटा वर आलाय: गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून थोडी ढकला, दाब सुटतो.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती जागा. पंप आणि हेडच्या (इंजिनचा वरचा भाग) मध्ये जाड काळा तुकडा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ गॅस्केट. हा तुकडा इंजिनची उष्णता अडवतो आणि पंपाचा झटका किती पडेल तेही ठरवतो. जुना तुकडा फेकून नुसतं गॅस्केट लावलं तर झटका वाढतो, कार्बोरेटरमध्ये जादा पेट्रोल येऊन गाडी काळा धूर सोडते. दोन जादा गॅस्केट लावली तर उलट, पेट्रोल कमी पडतं. म्हणून जुन्या तुकड्याची जाडी नव्याशी लावून बघा. पंप हलवणारा छोटा पोलादी दांडा असेल तर तो बाहेर काढा, टोक झिजलेलं असेल तर बदला, नाहीतर ऑइल लावून परत बसवा. हेडच्या भोकात फडकं कोंबून मगच जुनं गॅस्केट लाकडी पट्टीने खरवडा, तुकडा आत पडायला नको. सीलंट चोपडू नका.

नवा पंप दुकानातच तपासून घ्या: टाकीकडच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवून खालचा भाग दाबा आणि सोडा, बोट ओढलं गेलं पाहिजे. नळ्यांसाठी जुना तुकडा सोबत न्या. पारदर्शक प्लास्टिकची नळी स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात कडक होते, क्लॅम्प सैल पडतो. पेट्रोलचीच रबरी नळी मागा. फिल्टरचा बाण पंपाकडे.

बसवताना नट हातानेच पूर्ण फिरवा, मग आखूड पान्याने एका हाताच्या जोराने आळीपाळीने आवळा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटा गेला तर खर्च पंपापेक्षा मोठा. वायरी जोडून दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती, असं पाच-सहा वेळा करा. कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतून चालू करू नका, आग उसळते. चालू झाली की पंपाखाली पांढरा कागद धरा. डाग पडला तर इंजिन बंद करून तो क्लॅम्प बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनवर नट एकदा तपासा.