वाळू पिवळी नसते

तुझं वाळवंटाचं चित्र पाहिलं. खोडून टाकू नकोस, भिंतीला लावून ठेव. त्यातल्या सावल्या हिरवट का झाल्या ते आधी समजून घे. पिवळ्यात काळा मिसळला की हिरवट छटा येतेच. माझे पहिले कितीतरी कॅनव्हास असेच बिघडले. आता मी सावलीला अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घेतो, वर किंचित जांभळा. उन्हातल्या वाळूला यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि पांढरा. पण पांढरा जपून, नाहीतर सगळं खडूसारखं दिसतं.

ॲक्रिलिक रंग वाळल्यावर गडद होतो. ओला असताना त्यातला बाइंडर, म्हणजे रंगकण धरून ठेवणारा पदार्थ, दुधाळ असतो, वाळला की पारदर्शक होतो. म्हणून आधी कागदाच्या तुकड्यावर रंग वाळवून बघ, मगच चित्रातल्या वाळूच्या टेकडीला हात लाव. आपल्याकडे पावसाळ्यात तर थर वाळायला वेळच लागतो. अर्धवट ओल्यावर ब्रश फिरवलास तर खालचा रंग उचकटून येतो, आणि ते डाग नंतर झाकले जात नाहीत.

आणखी एक. तुझ्या टेकड्या दोन्हीकडून सारख्या गोल आहेत. वारा येतो त्या बाजूचा उतार लांब आणि सौम्य असतो. आडोशाची बाजू जवळपास ३४ अंशांपर्यंत तीव्र असते, आणि मधली कड धारदार. जैसलमेरला जाता येईल तेव्हा जा. तोवर संध्याकाळी गोव्यातल्या मोरजीला जाऊन किनाऱ्यावरच्या वाळूवर तिरपं ऊन कसं पडतं ते बघ. तिथल्या टेकड्यांवर मर्यादवेल (किनाऱ्याच्या वाळूवर पसरणारी वेल) असते, ती मात्र थरच्या वाळवंटाच्या चित्रात आणू नकोस.