सातपुड्यातल्या पाल गावाजवळ नाल्याकाठी दिसलेला छोटा निळा पक्षी कोणता? खंड्या का?

खंड्या नाही. खंड्या पाण्यात सूर मारतो. तुम्ही म्हणता तो फांदीवरून हवेत झेपावून किडे टिपत होता. निळी पाठ, नारिंगी गळा-छाती, पांढरं पोट म्हणजे टिकेलचा निळा माशीमार, नर. मादी फिकट. आकार चिमणीएवढाच.

सातपुड्यात बांबू आणि गर्द सावलीचे नाले ही याची आवडती जागा. उघड्या रानात क्वचितच येतो. सावलीत ताठ बसतो, मध्येच 'टिक टिक' करतो, किडा दिसला की झेप. शीळ मात्र भलतीच गोड. दिवस मावळल्यावरही शिकार चालूच असते. घरटं काठाच्या किंवा झाडाच्या पोकळीत, साधारण एप्रिल ते ऑगस्ट. तेव्हा फोटोसाठी फार जवळ जाऊ नका, बुवा.