सोलापुरात जुना जपानी बेस गिटार मिळतोय, बँडसाठी घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की ऑर्केस्ट्रातनं थांबलेल्या एका काकांकडे सत्तरच्या दशकातला जपानी बेस पडून आहे, ते तो नव्या साध्या बेसच्या किमतीत द्यायला तयार आहेत, आणि तुमचा चार मित्रांचा बँड आहे, तर जुना घ्यायचा की दुकानातला नवा. मी सांगतो, नेक, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, सरळ असेल तर जुना घ्या. पण पैसे त्याच्या वयाला देऊ नका, वाजण्याला द्या, आणि त्यातलेच थोडे मागं ठेवा कारण बेस मिक्सरला जोडायची छोटी डबी, म्हणजे डीआय बॉक्स, लागणारच आहे, त्याचं खाली सांगतो.

मी सोलापुरातच बेस वाजवतो. लग्नं, गणपती, चौदा एप्रिलची जयंती, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा, हुतात्मा स्मृती मंदिरातले कार्यक्रम, सगळीकडं. त्यामुळं जे सांगतोय ते या गावातल्या स्टेजच्या हिशोबानं, घरात भिंतीवर टांगून बघायच्या हिशोबानं नाही.

आधी हे विंटेज प्रकरण काय आहे ते बघू. अमेरिकेतल्या लिओ फेंडरनं 1951 साली प्रिसिजन बेस काढला, फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) असल्यामुळं सूर नेमका लागतो म्हणून ते नाव. 1957 ला त्याला दोन तुकड्यांचा पिकअप (तारेची थरथर विजेत पकडणारा भाग) आला, तोच आजपर्यंत चाललाय. 1960 ला जॅझ बेस आला, त्याचा नेक नटजवळ, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीजवळ, बारीक. जानेवारी 1965 मध्ये कंपनी सीबीएस या मोठ्या अमेरिकन कंपनीला विकली गेली, आणि त्याच्या आधीच्या बेसला आज लोक जे पैसे मोजतात ते संग्राहकांचे पैसे आहेत, वाजवणाऱ्यांचे नाहीत. आपल्याला त्यात पडायचंच नाही. सत्तरच्या दशकात जपानमध्ये ग्रेको, टोकाई, आयबानेझ ही मंडळी अमेरिकन बेसच्या हुबेहूब कॉप्या बनवत होती आणि त्यातल्या कितीतरी इतक्या चांगल्या होत्या की 1982 मध्ये फेंडरनं स्वतःच जपानमध्ये बनवायला सुरुवात केली. म्हणजे जपानी म्हटल्यावर कुणी नाक मुरडलं तर मनावर घेऊ नका.

फक्त जपानीमध्येही दोन जाती आहेत. एक वर सांगितल्या तशा, पूर्ण मापाच्या. दुसरी त्याच काळातली स्वस्तातली, प्लायवूडची बॉडी आणि आखूड नेक. ओळखायला सोपं आहे, शिंप्याचा टेप न्या आणि नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा. सतरा इंच भरलं तर चौतीस इंची पूर्ण स्केल (तारेची वाजणारी लांबी, अंतराच्या दुप्पट), पंधराच्या आसपास आलं तर शॉर्ट स्केल. शॉर्ट स्केल वाईट नसतो हां, बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा होफ्नर बेससुद्धा शॉर्टच आहे, पण त्याच्या तारा वेगळ्या मागवाव्या लागतात, आणि खालची, सगळ्यात जाड ई तार जरा सैल, गोलसर वाजते. ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळं एकदम चालू असताना ती तार हरवते. तुमचा बँड चौघांचाच आहे, त्यामुळं तुम्हाला मात्र चालून जाईल.

आणि हेडस्टॉकवरच्या (नेकच्या वरच्या टोकावरच्या) नावावर जाऊ नका, स्टिकर कुणीही चिकटवतो. कुणी अमेरिकन म्हणून सांगितलाच तर आतल्या पॉटवरचा (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या भागावरचा) आकडा बघायचा, 137 नं सुरू होत असेल तर सीटीएस कंपनीचा पॉट, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा, म्हणजे 1377633 असेल तर 1976 चा 33 वा आठवडा. पॉट नंतर बदललेला असू शकतो म्हणून एवढ्यावरच विश्वास ठेवायचा नाही, पण थाप असेल तर बहुतेक इथंच पकडली जाते.

आता नेक. हा मुद्दा नीट वाचा, कारण बाकी सगळं बिघडलं तरी दुरुस्त होतं, नेक पिळलेला असेल तर आपल्या गावात कुणी सरळ करून देणार नाही आणि बाहेर पाठवायचा खर्च बेसइतकाच होईल. चार तारांचा मिळून ताण सत्तर-ऐंशी किलोच्या आसपास असतो, आणि हे लाकूड पन्नास वर्षं तो ताण सहन करतंय, त्यात सोलापूरचा एप्रिल-मे, चाळीसच्या वर पारा आणि हवा एकदम कोरडी. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं कडेनं बाहेर येऊन हाताला लागतात, आणि पाऊस पडला की परत नेक थोडा हलतो. बेस खांद्याला लावून बॉडीच्या बाजूनं नेकवर नजर टाका, दोन्ही कडा सारख्या दिसल्या पाहिजेत, एक कड वर आणि एक खाली जात असेल तर नमस्कार करून परत या. मग ई तार पहिल्या फ्रेटला आणि शेवटच्या फ्रेटला एकदम दाबा, मध्ये सातव्या-आठव्याजवळ तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट असली की छान. फट जास्त असेल तर नेकच्या आतली सळई, म्हणजे ट्रस रॉड, पाव फेरा घट्ट करून बघायचा, तोही काकांना विचारूनच. रॉड आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल आणि तरी नेक वाकलेला असेल तर सोडून द्या, कितीही कमी किमतीत मिळत असला तरी.

यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटला वाजवा, घाई करू नका, काका चहा देतीलच. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखा येतो का बघा, थोडा फरक असेल तर बॉडीवर तारा बसतात त्या ब्रिजवर सुधारतो. पॉट खरखरत असतील तर काळजी नको, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जातं, कुठलाही जुना रेडिओ-टीव्ही मेकॅनिक करून देतो, जॅकचं सोल्डरिंग पण. पिकअप बदललेला असेल किंवा बॉडीला परत रंग मारलेला असेल तर उलट आनंद माना, संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते आणि तुमच्या वाजवण्यात काडीचाही फरक पडत नाही, भाव करायला कारण मिळतं.

घरघर, म्हणजे हम, याचा विचार मात्र आपल्याकडं वेगळा करावा लागतो. मांडवात जनरेटर, अर्थिंगचा पत्ता नाही, वर एलईडी लाइटची माळ. दोन तुकड्यांचा प्रिसिजन पिकअप असेल तर तो मुळातच हम मारतो. जॅझ टाइपचे दोन पिकअप असतील तर बहुतेकांत दुसरा उलटा गुंडाळलेला असतो, मग दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हम जातो, एक कमी केला की येतो. काही जुन्या कॉप्यांत तसं नसतं, म्हणून लाइट लावून, केबल जोडून ऐकूनच घ्या.

आता डीआयचं. तुम्ही विचारलंय की जुना अँप पण शोधू का. नको. ते मोठे ट्यूबचे अँप, 1969 चा अँपेग एसव्हीटी वगैरे, तीनशे वॉटचे, ऐकायला जबरदस्त, पण तो टेंपोत चढवायला दोन माणसं लागतात आणि आपल्या जनरेटरच्या व्होल्टेजवर त्याला जोडायला माझा तरी हात धजणार नाही. मित्राच्या गिटारच्या अँपमध्येही जोडू नका, उघडी ई तार 41 हर्ट्झला वाजते, तो छोटा स्पीकर फाटतो. आपल्याकडं साउंडवाला बेस सरळ मिक्सरला घेतो आणि नवीन मुलांना वाटतं की हे गरिबाचं काम झालं. अहो, अमेरिकेतल्या मोटाउन कंपनीच्या रेकॉर्डवर साठच्या दशकात बेसवादक जेम्स जेमरसननं जो बेस वाजवलाय तो बराचसा असाच, अँपशिवाय थेट कन्सोलमध्ये घेतलाय! फक्त साधा पॅसिव्ह बेस मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडला की आवाज मेल्यासारखा येतो, कारण पिकअपला समोर मोठा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) लागतो, मेगाओहमच्या घरातला. ते काम डीआय बॉक्स करतो, आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं (केबलचं अर्थिंग तोडणारं) बटण जनरेटरच्या हमवर कितीतरी वेळा कामाला येतं. हा बॉक्स तुमचा स्वतःचा असू द्या, साउंडवाल्याच्या भरवशावर राहू नका.

बँडमध्ये वाजवायचं म्हणाल तर आपल्याकडं बेसवाल्याला दोन जणांशी जमवून घ्यावं लागतं, ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा आणि बेस साधारण एकाच जागेत राहतात, म्हणून लावणी असो की कोळीगीत, सूर लांबवायचा नाही, तोडून वाजवायचा, ढोलकीला श्वास द्यायचा. कीबोर्डवाल्याला आधीच प्रेमानं सांगायचं की दादा, डावा हात जरा वर ठेवा. बेसवाला नसताना त्यांनीच डाव्या हातानं बेस सांभाळलेला असतो, सवय लगेच जात नाही. पण दोघं एकाच जागी वाजवायला लागले की नुसता चिखल होतो.

जुन्या बेसला चारच तारा, त्यामुळं अजून एक अडचण येते. गायिकेनं पट्टी सांगितली काळी दोन, तर तुमचा खालचा सा उघड्या ई तारेच्या बरोबर अर्धा सूर खाली, म्हणजे बेसवर नाहीच. मग ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर वरचा सा घ्या, किंवा ई तार उतरवून डी करा आणि पहिल्या फ्रेटवर तो मिळवा. पूर्व भागात तेलुगू गाण्यांची फर्माईश येते, अक्कलकोटकडं कन्नड गाण्यांची, तिथं ऐन वेळेला गायकाची पट्टी बदलतेच, त्यामुळं ही सवय आत्तापासून लावा. पाच तारांचा नवा बेस घ्या असं काही जण सांगतील. त्यात तथ्य आहे, पण शिकायला चार तारा भरपूर होतात, पंचमदांच्या रेकॉर्डिंगमधला टोनी वाझ यांचा बेस हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको, त्याच्यावर खालचं काही ऐकूच येत नाही.

एक राहिलं. बेस घरी आणल्यावर उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत तो कधीच ठेवू नका, जुना डिंक सुटतो. आणि तारा लगेच बदलू नका. काकांनी जुन्या गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा लावलेल्या असतील तर त्यांचा तो बुटका, जाड, लगेच थांबणारा आवाज ढोलकीबरोबर फार छान बसतो, जेमरसन तर तार तुटल्याशिवाय बदलत नसे असं सांगतात. दोन-चार कार्यक्रम तशाच वाजवा, मग चकचकीत आवाज हवासा वाटला तर खडबडीत राउंडवाउंड तारा मागवा, स्केल मोजूनच. आणि जमलं तर काकांना एका रिहर्सलला बोलवा, त्या बेसवर कुठल्या गाण्यात कुठं हात ठेवायचा हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार.